गिनीपिग : लहान मुलांसाठी आणावा का?



मागच्या भित्तिपत्रकात सशाची माहिती आली होती. तेव्हापासून खालच्या वर्गातली पोरं मला गिनीपिगबद्दल विचारतायत, कारण माझ्या मावशीकडं दोन गिनीपिग आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मावशी कोल्हापूरला राजारामपुरीत राहते. (तिथं गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळं आपल्यासारखा खेड्यातला माणूसही चुकत नाही.) सुट्टीत मी तिथं गेलो की त्यांचं सगळं मीच बघतो. स्वतः पाहिलेलं आणि मावशीकडून व जनावरांच्या डॉक्टरांकडून समजलेलं खाली लिहीत आहे.

प्रथम नावाविषयी. गिनीपिग हे डुक्कर नव्हे आणि गिनी देशातलंही नव्हे. उंदीर, खार यांच्यासारखं ते कुरतडणारं जनावर आहे. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचं, म्हणजे पेरू, बोलिव्हिया या देशांतलं. तिथले लोक हजारो वर्षांपासून ते पाळतात, आणि आपण कोंबडी खातो तसं खातातही. सोळाव्या शतकात ते जहाजातून युरोपात पोचलं. पेरूचं जनावर पेरू खातं का, असं वर्गात एकानं विचारलं. खातं! पण बारकी फोड, तीही आठवड्यातून एक-दोनदा. गोड जास्त झालं की पोट बिघडतं.

त्याचं मुख्य अन्न गवत. ओलं-वाळलं गवत दिवसभर पुढ्यात पाहिजे. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. आपल्याकडं गवताला तोटा नाही, पण औषध मारलेल्या उसातलं आणू नये. लसूणघास पिल्लांना चालतो. मोठ्यांना रोज दिला तर मुतखडा होऊ शकतो. दूध, शिळा भात, कांदा, बटाटा, चॉकलेट यातलं काही घालायचं नाही.

मावशीनं पहिल्यांदा आणले तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "नुसतं धान्य घाला, चालतंय." तीन आठवड्यांत त्यातला एक पाय ओढायला लागला. उचललं की ओरडायचा. डॉक्टरांनी तपासलं आणि स्कर्व्ही झाल्याचं सांगितलं. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर यांच्या अंगात क जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. माणूस, माकड आणि गिनीपिग यांच्या अंगात होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ही गोष्ट उघडकीला आली तीही धान्यामुळंच. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश हे दोन संशोधक बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य घातलं, तर बेरीबेरीच्या ऐवजी स्कर्व्ही झाला! मावशीकडचा आजारी गिनीपिग औषधाचे थेंब, कोथिंबीर आणि ढबू मिरचीवर बरा झाला. आता रोज या दोन्ही गोष्टी ठरलेल्या.

आता मुख्य प्रश्न. गिनीपिग आणले माझ्या पाच वर्षांच्या मावसभावासाठी, पण त्यांची मालकीण मावशी आहे, आणि माझ्या मते हेच बरोबर आहे. गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. बालवाडीतल्या पोरासाठी आणलेला, ते पोरगं सातवीत जाईपर्यंत घरात असतो. तोवर रोज पिंजरा कोण झाडणार?

मावसभावाला उभं राहून गिनीपिग उचलायची परवानगी नाही. त्यानं जमिनीवर मांडी घालून बसायचं. मोठं माणूस एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली धरून गिनीपिग त्याच्या मांडीवर ठेवतं. हातातून पडला तर हाड मोडतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गिनीपिग गप्प बसला म्हणजे त्याला लाड आवडतायत असं नाही. घाबरला की तो दगडासारखा स्तब्ध होतो. कोथिंबीर घालायचं काम मात्र मावसभावाचंच. जुडीचा आवाज आला की दोघं "कुई कुई" करून घर डोक्यावर घेतात. नंतर साबणानं हात धुवायचे, कारण त्यांच्यापासून गजकर्णासारखे रोग लागू शकतात.

एकटा गिनीपिग झुरतो, म्हणून दोन आणावेत. पण नर-मादी एकत्र नको, नाहीतर महिनाभराची पिल्लंसुद्धा वीण धरतात. पिंजरा चार फूट बाय दोन फूट, तळ सपाट, जाळीचा नको. वर पत्रा नको. त्यांना घाम येत नाही, उन्हाळ्यात ते पटकन दगावतात. मावशी एप्रिल-मेमध्ये गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवते.

आमची आजी म्हणते, "त्यापेक्षा पोपट बरा, बोलतो तरी." पण आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. असो.

गिनीपिग आजार लपवतो. त्यानं एक दिवस खाल्लं नाही तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. घरातलं उरलेलं औषध देऊ नये. माणसाला वाचवणारं पेनिसिलीन गिनीपिगच्या पोटातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यानं तो मरू शकतो. गिनीपिगची माहिती असलेला डॉक्टर कुठं आहे हे, जनावर आणायच्या आधीच विचारून ठेवा. मावशीचे डॉक्टर रविवारी नसतात.