तेलवाहिनीतील प्रवाहमापन आणि नियंत्रक झडपा

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. या शहरास लागणारे पेट्रोल व डिझेल पूर्वी रेल्वेच्या वाघिणींतून आणि मोटार टँकरांतून येत असे. २००३ साली मंगळूर–हासन–बंगळूर ही सुमारे ३६२ किलोमीटर लांबीची नळवाहिनी चालू झाली, आणि मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यातील तेल सह्याद्री ओलांडून शहराच्या पूर्वेकडील देवनगोंदी येथील साठवण केंद्रात जमिनीखालून येऊ लागले. हासनपर्यंत ही नळी २४ इंच व्यासाची आहे, तर पुढे २० इंच व्यासाची.

वाघिणीतील तेल मोजणे त्या मानाने सोपे असते. टाकीत मोजपट्टी बुडविली की तेलाची उंची कळते. नळवाहिनीत मात्र तेल वाहत असतानाच मोजावे लागते. समजा, एका खेपेत १०,००० किलोलिटर डिझेल आले आणि मापकाने हजारी एक इतकी चूक केली. ही चूक १० किलोलिटरांची, म्हणजे जवळजवळ एका टँकरभर तेलाची झाली. तेल देणारा आणि घेणारा यांच्यापैकी कोणाच्या तरी पदरी तिचे नुकसान पडणारच.

अशा ठिकाणी टर्बाइन मापक पुष्कळ वापरतात. नळीच्या मधोमध तिरप्या पात्यांचे एक हलके चक्र बसविलेले असते. तेलाच्या ओघाने ते फिरते आणि प्रत्येक पाते समोरून जाताना बाहेरच्या चुंबकीय वेटोळ्यात विजेचा एक सूक्ष्म स्पंद उमटतो. स्पंदांची संख्या मोजली की किती तेल गेले ते कळते. पण हे चक्र फार संवेदनाशील असते. प्रवाहास पीळ पडला, त्यात बुडबुडे मिसळले किंवा वेग फार उतरला, की त्याचे गणित बिघडते. म्हणूनच मापकाइतकेच महत्त्व त्याच्या शेजारच्या झडपेस येते.

ही झडप मापकाच्या आधी बसवावी की नंतर? घरगुती पाण्याच्या मीटरकडे पाहिले तर उत्तर सुचेल. आपण जी तोटी पिळून धार कमीजास्त करतो ती मीटरच्या पुढे असते. त्यामुळे मीटर सदैव दाबाखाली व भरलेला राहतो. (पाणी दिवसातून थोडाच वेळ येणाऱ्या गावांत नळातली हवादेखील मीटरचे काटे फिरविते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.) झडप अर्धवट मिटलेली असता तिच्या अरुंद वाटेतून द्रव वेगाने निसटतो आणि तेथे दाब एकदम खाली येतो. पेट्रोल सहज वाफ होणारे. दाब त्याच्या बाष्पदाबाखाली गेला तर त्यात वाफेचे बुडबुडे उठतात, आणि मापक ते तेल म्हणूनच मोजतो. शिवाय झडपेतून बाहेर पडणारा प्रवाह खळबळलेला असतो. म्हणून नियंत्रक झडप मापकाच्या पुढच्या बाजूस ठेवतात, आणि मापकाच्या आधी सरळ नळीचा लांब तुकडा व पीळ काढून टाकणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी बसवितात.

मापकामागे किती दाब राखावा यासाठी व्यवहारात एक नियम रूढ आहे: मापकात होणाऱ्या दाबघटीची दुप्पट, अधिक द्रवाच्या बाष्पदाबाची सव्वापट. दाबघट ०.३ आणि बाष्पदाब ०.६ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर धरला, तर ०.६ अधिक ०.७५, म्हणजे १.३५ इतका दाब किमान हवा. तो राखणे हे झडपेचे पहिले काम.

दुसरे काम प्रवाह स्थिर ठेवण्याचे. झडपेतून जाणारा प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाबफरक चौपट झाला तर प्रवाह दुप्पट होतो. पंपाचा जोर बदलला किंवा टाकी भरत आली की हा फरक हलतो, आणि झडपेने आपले तोंड त्या मानाने उघडावे वा मिटावे लागते. तिच्या माथ्यावर एक लवचिक पडदा असतो; त्याच्या एका बाजूस दाबलेली हवा व दुसऱ्या बाजूस कमान असते. मापकाकडून आलेल्या संकेतानुसार हवेचा दाब बदलतो व दांडा वरखाली सरकतो. तोंड जेमतेम उघडलेले असता दांड्याच्या केसभर हालचालीनेही प्रवाह उसळतो. यास्तव झडप फार मोठी निवडू नये. ‘मोठी असलेली बरी’ हा समज येथे घातक ठरतो.

घाटातील नळवाहिनीत आणखी एक पेच असतो. समुद्रकाठापासून ९०० मीटर उंच चढविलेल्या डिझेलच्या स्तंभाचा दाबच सुमारे ७५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर भरतो. घर्षणावर मात करण्यासाठी लागणारा दाब वेगळा. शेवटची झडप झटकन मिटली तर धावत्या तेलाचा वेग दाबाच्या लाटेत रूपांतरित होतो, आणि ही लाट पोलादी नळीतून सेकंदास सुमारे एक किलोमीटर वेगाने मागे धावते. सेकंदास एक मीटर वेगाने वाहणारे डिझेल एकाएकी अडविले तर दाब सुमारे साडेआठ किलोग्रॅमने चढतो. म्हणून झडपेची चाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. याउलट ती फार उघडी राहिली, तर उतारावर स्तंभ तुटून नळीत वाफेची पोकळी पडते.

तापमानामुळेही आकारमान बदलते. डिझेल दर अंशास दहा हजारी सुमारे आठ भाग फुगते, म्हणून मोजलेले माप १५ अंश सेल्सिअसवर आणून नोंदवितात.

राहिली मापकाची परीक्षा. ठाऊक आकारमानाच्या एका लांब नळीतून रबरी गोळा तेलाच्या ओघाबरोबर पाठवितात. नळीवरील दोन खुणांमधले अंतर तो तोडीपर्यंत मापकाने किती स्पंद दिले ते मोजतात आणि त्यावरून मापकाचा गुणक काढतात. नळीचे आकारमान प्रमाणित मापांशी ताडलेले असते. कायदेशीर मापनाची मानके सांभाळणाऱ्या प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळांपैकी एक बंगळुरातच आहे. पेट्रोल व डिझेल यांचा चिकटपणा निराळा असल्याने प्रत्येकाचा गुणक निराळा काढावा लागतो, आणि एकापाठोपाठ घेतलेल्या पाच चाचण्यांत ०.०५ टक्क्यांहून अधिक तफावत आली तर चाचण्या पुन्हा घेतात. त्या चालू असता नियंत्रक झडपेने प्रवाह हलू देता कामा नये. मापक व परीक्षानळी यांच्यामधली कोणतीही झडप थेंबभरही झिरपता कामा नये. यासाठी तेथे दुहेरी बैठकीची झडप बसवितात. दोन बैठकींच्या मधल्या पोकळीस एक लहान तोटी असते. परीक्षेच्या वेळी ती उघडून पाहतात, आणि तिच्यातून तेल ठिबकत राहिले तर ती परीक्षा रद्द धरतात.