चारचौघांचा शब्द आणि पान लागलेला माणूस

एकटे असताना जे आपण कधी करणार नाही, ते चार माणसांत बसलो की सहज करून जातो. घरी तंबाखूला न शिवणारा तरुण पारावर मित्राने पुढे केलेली पुडी नाकारू शकत नाही. उलट रस्त्यावर कुठेही पिचकारी मारणारा गृहस्थ शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात गेला की रांगेत मुकाट उभा राहतो, कागदाचा कपटासुद्धा खाली टाकत नाही. माणूस तोच, फक्त भोवतालची मंडळी बदलली. या प्रभावाचा आपल्या आरोग्याशी फार जवळचा संबंध आहे. कधी कधी तर तो जीवन-मरणाचा प्रश्न ठरतो.

वरवट बकाल, संग्रामपूर भागातील कास्तकारांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. पावसाळ्याचे दिवस आहेत. पऱ्हाटीत निंदण चालू असताना एखाद्याला पान लागते. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसे जमतात. कुणी म्हणतो, "आधी मांत्रिकाकडे न्या." दुसरा मान डोलावतो, तिसरा दोरी शोधतो. त्या गर्दीत दवाखान्याची गरज कळणारी दोन-तीन माणसे नक्कीच असतात. पण ती बोलत नाहीत. "एवढे लोक म्हणतात, आपण कशाला आडवे जावे? उद्या काही झाले तर बोल आपल्यावर येईल." अशा विचारात मोलाचा अर्धा-पाऊण तास निघून जातो.

ही माणसे भित्री किंवा दुष्ट असतात काय? नाही. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगायचे होते. मात्र खोलीतील इतर सर्वांना मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास आधीच सांगून ठेवले होते. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी इतरांच्या चुकीच्या उत्तराला होकार दिला. पण त्या घोळक्यात एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी चुकणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली येई. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा प्रयोग 1968 मधील, डार्ली आणि लॅटाने यांचा. खोलीत धूर सोडला असता एकटे बसलेल्यांपैकी शंभरात पंचाहत्तर जणांनी बाहेर जाऊन कळविले. शेजारी दोन माणसे काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने बसली असताना मात्र दहांपैकी एकच उठला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि "कोणी घाबरत नाही, म्हणजे विशेष काही नसेल" असे समजतो. मण्यार चावल्यावर नेमके असेच होते. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. वेदना जवळजवळ नसते, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. घरातील सारे म्हणतात, "अपचन असेल." आणि श्वास अडकेपर्यंत कोणी हलत नाही.

मग मंत्राने माणसे बरी कशी होतात? अनेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसे विष शरीरात जातेच असे नाही. असे रोगी कुठेही नेले तरी वाचतात आणि त्यांची गोष्ट गावभर होते. जे दगावतात त्यांच्याबद्दल "आयुष्यच तेवढे होते" असे म्हणून विषय मिटतो. अशा रीतीने समूहाची समजूत पक्की होत जाते. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेक खेड्यांतील होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. वरवट बकाल येथे ग्रामीण रुग्णालय आहे. प्रश्न आहे तो वेळेत पोहोचण्याचा.

तेव्हा अशा गर्दीत आपण काय करावे?

1) पहिल्याच मिनिटाला मोठ्याने बोला : "दवाखान्यात न्यायचे." एक आवाज निघाला की गप्प बसलेल्या इतरांनाही बळ येते.

2) "कोणीतरी गाडी आणा" असे म्हणू नका. कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. नाव घेऊन सांगा : "तू गाडी काढ, तू 108 ला फोन लाव." रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असल्यास रोग्याला दोघांच्या मध्ये बसवा.

3) श्रद्धेवर वाद घालू नका. "मंत्र गाडीत म्हणा, पण गाडी थांबवू नका," एवढेच सांगा.

4) रोग्यास धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. दोरीने आवळणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे कटाक्षाने टाळा. सापाच्या मागे धावू नका. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा.

समूहाचा प्रभाव वाईटच असतो असे नाही. आपल्याच वऱ्हाडातील गाडगे महाराज (1876–1956) गावात आले की प्रथम स्वतः झाडू हाती घेत. एकाला झाडताना पाहून दुसरा उठे आणि बघता बघता गाव स्वच्छ होई. उपदेशाने जे झाले नसते, ते पहिल्या माणसाच्या कृतीने होत असे.

म्हणून पेरणीपूर्वी एका संध्याकाळी पारावर बसून हा विषय काढा. साप चावल्यास कोणाची गाडी निघेल, सोबत कोण जाईल, हे आधीच ठरवा. शांतपणे चारचौघांत ठरलेली गोष्ट संकटात चारचौघेच पाळतात. "लोक काय म्हणतील" ही भीती तेव्हा आडवी येत नाही, कारण लोकांनी आपले म्हणणे आधीच सांगून ठेवलेले असते.