‘ओपन’ करावे लागते तेव्हा

किडनीतील गाठीचे ऑपरेशन दुर्बिणीतून सुरू करून मध्येच कूस किंवा पोट उघडावे लागणे, याला डॉक्टर ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. रायगडात पेण-रोह्याकडे ‘ओपन केलं’ एवढेच म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली येतो, जणू काही बिघडलेच. प्रत्यक्षात वेळेवर ओपन करणे हा बहुतेकदा शहाणपणाचाच निर्णय असतो.

दुर्बिणीने किडनी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया राल्फ क्लेमन यांनी १९९० साली अमेरिकेत सेंट लुइस येथे केली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारे आत घालतात. अवघड जागा म्हणजे किडनीचे मूळ. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. त्यामुळे तिथली धमनी किंवा नीला फाटली की पडदा क्षणात लाल होतो आणि मग हातच आत घालावा लागतो. इतर कारणे शांतपणे येतात: आतडे किंवा प्लीहा गाठीला चिकटलेली, गाठ नीलेत शिरलेली, गॅसचा दाब रुग्णाला न सोसणे, किंवा तास उलटूनही काम पुढे न सरकणे. गाठ ७ सेंमीपेक्षा मोठी असेल तर ही शक्यता वाढते. नुसती गाठ काढून किडनी वाचवायची असेल, तर ओपन होणे आणि पूर्ण किडनी जाणे या दोन वेगळ्या शक्यता असतात. त्या वेगवेगळ्या विचाराव्यात.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या कुशीवर मुतखड्याच्या जुन्या ऑपरेशनचा वीतभर व्रण होता. अशा व्रणाखाली आत चिकटलेले असते, हे कोणत्याही सर्जनला ठाऊक असते. किडनीतील गाठीच्या ऑपरेशनआधी तो व्रण तपासणीत पाहिला गेला, पण त्याबद्दल शब्द निघाला नाही. ‘तीन भोकं, तिसऱ्या दिवशी घरी’ एवढेच सांगण्यात आले. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी पावणेएकला थिएटरचे दार किलकिले झाले. शिकाऊ डॉक्टरने ओपनच्या संमतीचा कागद पुढे केला आणि सही कुठे करायची तेवढे बोटाने दाखवले. पेनही त्याच्याकडे नव्हते. बाकावर बसलेल्या रोह्याच्या बाईंनी पर्समधले काढून दिले. दुसऱ्या दिवशी राउंडला विचारले, तर चालता चालता उत्तर आले, ‘फॉर्मवर होतं की.’ होते खरे, आदल्या रात्री सही घेतलेल्या इंग्रजी फॉर्मच्या दुसऱ्या पानावर.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की संमती पुरेशी माहिती देऊन घेतलेली असावी. जास्तीची शस्त्रक्रिया संमतीशिवाय करायची तर जीव वा प्रकृती वाचवण्याची निकड हवी. म्हणून ओपनची शक्यता किती आणि कोणत्या कारणाने, हे आदल्या दिवशी सर्जनच्याच तोंडून मराठीत ऐकावे. जुना प्रत्येक व्रण दाखवावा. रक्ताची सोय आधी विचारावी. पॅकेज ओपनला किती बदलते ते लिहून घ्यावे. सरकारी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता; आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात मंजुरी कोणत्या ऑपरेशनला मिळाली आहे, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे. धूम्रपान सोडावे, रक्तदाब सांभाळावा, हे सगळेच सांगतात.

ओपननंतर आठवडाभराच्या मुक्कामाची तयारी ठेवावी. खोकताना कुशीवर उशी दाबून धरावी. घरी परतताना वडखळपासून पुढच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत तीच उशी कामाला येते. वाराच्या जागी पुढे फुगीरपणा राहिला तर तो दर वेळी हर्निया नसतो. स्नायूची नस दुखावल्यानेही तसे होते. तपासून घ्यावे. गाठ पूर्ण निघाली की नाही हे पॅथॉलॉजीच्या अहवालातून कळते, वार केवढा आहे यावरून नाही. उरलेल्या किडनीसाठी क्रिएटिनिन तपासत राहावे.

ऑपरेशनच्या नोंदी लेखी मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या जरूर मागाव्यात. वडिलांच्या नोंदीत कारण ‘घट्ट चिकटलेले, नीलेतून रक्तस्राव’ असे आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. कूस उघडल्याची वेळ बारा पस्तीस. सही पावणेएकची.