मोटारीचा मागील ब्रेक व हातब्रेक

हैदराबादेतील नारायणगुड्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबलेली मोटार हातब्रेक ओढूनही मागे सरकू लागली, म्हणजे चालक बहुधा केबल आवळून घेतो. उपाय सोपा खरा, पण क्रम चुकीचा. ड्रम पद्धतीत पायाचा ब्रेक व हातब्रेक दोन्ही त्याच ब्रेक-शूंना ड्रमवर दाबतात. लायनर झिजले किंवा अ‍ॅडजस्टर गंजून अडकला की शू व ड्रम यांतील अंतर वाढते. केबल आवळल्याने हा दोष केवळ झाकला जातो. पायाचा ब्रेक खोल जातच राहतो.

यासाठी पुढील चाकांना लाकडी ठोकळे लावून हातब्रेक सोडावा, मागील बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी व ड्रम काढून पाहावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. आतील धूळ फुंकू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. लायनर ब्रेक ऑइलने ओले आढळल्यास व्हील सिलिंडर गळत आहे असे समजावे. असे लायनर पुसून पुन्हा न बसवता दोन्ही चाकांचे बदलावेत.

शूंचे अंतर जुळविल्यानंतरच केबलकडे वळावे. हातब्रेक सोडताच दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत. पावसाळ्यात केबल आवरणातच गंजून अडकते व ड्रम तापतो. तशी केबल बदलणेच इष्ट.