नवे पार्ट बसवले, आता हवा काढा



ब्रेकचे नवे पार्ट बसवले म्हणजे गाडी तयार झाली, असे पुष्कळांना वाटते. "सामान येऊन दोन दिवस झाले, मग गाडी पाड्यावर का गेली नाही?" असे विचारणाऱ्यांना मी एकच उत्तर देतो : अजून हवा काढायची आहे. अक्राणी तालुक्यात चांदसैलीसारखा घाट उतरताना गाडीत रुग्ण असतात, गरोदर माता असतात, लहान लेकरे असतात. म्हणून हा पाठ चालकांनी शिकावाच, पण गाडीसाठी मदत पाठवणाऱ्यांनीही समजून घ्यावा.

हवेने काय बिघडते?

ब्रेकच्या नळ्यांत ऑइल भरलेले असते. ऑइल दाबले तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. हवा मात्र आकसते. होज, कॅलिपर, व्हील सिलिंडर किंवा मास्टर सिलिंडर बदलताना नळी उघडावी लागते आणि हवा आत शिरते. मग आपला जोर हवा दाबण्यातच जातो, पेडल मऊ लागते. सपाट रस्त्यावर दोनदा पंप मारून गाडी थांबेलही. पण उतारावर वळण समोर आले की तेवढी उसंत मिळत नाही. नळी न उघडता फक्त पॅड बदलले असतील, तर सहसा हवा काढावी लागत नाही.

काम कसे करावे?

या कामाला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. भक्कम स्टँड द्यावा.

१. टाकीत कंपनीने सांगितलेले ब्रेक ऑइल पूर्ण भरा.

२. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम येतो. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तेव्हा पुस्तिका पाहा.

३. निपलला पारदर्शक नळी लावा. तिचे दुसरे टोक थोडे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा.

४. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे आणि "धरले" म्हणावे. दुसऱ्याने निपल थोडा सैल करावा. ऑइलबरोबर बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निपल आवळल्यावर त्याने "सोड" म्हणावे. त्याआधी पाय उचलू नये, नाहीतर तीच हवा परत आत ओढली जाते.

५. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. मधूनमधून टाकी पाहा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कितीही केले तरी बुडबुडे थांबत नसतील, तर कॅलिपर डाव्या-उजव्या बाजूंत अदलाबदल झाला आहे का ते पाहा. हवा वर जमते, म्हणून निपल वरच्या बाजूलाच हवा. मास्टर सिलिंडर बदलला असेल, तर आधी त्यातली हवा काढावी लागते. एबीएस असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो. ते काम जाणकाराकडे द्यावे.

ऑइलविषयी

डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरला की तो १५५ पर्यंतही उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापून असे ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल पुन्हा मऊ पडते. म्हणून बाटलीत निघालेले ऑइल परत ओतू नये, कितीही स्वच्छ दिसो. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते.

शेवटची खात्री

इंजिन सुरू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. प्रत्येक निपलपाशी कोरडे फडके लावून गळती पाहा. मग मोकळ्या सपाट जागी अगदी हळू चालवून पाहा. घाट त्यानंतर.

तेव्हा गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज करताना पार्टच्या किमतीबरोबर सीलबंद ऑइलची बाटली, दुसऱ्या माणसाची मजुरी आणि एक पूर्ण दिवस हेही धरावे, ही विनंती. पेडल घट्ट लागेपर्यंत मी किल्ली कोणाच्याही हाती देत नाही.