मोबाईल आहे, संगणक नाही

‘आता सगळ्यांच्याच हातात इंटरनेट आहे, मग डिजिटल दरी राहिलीच कुठे?’ असा प्रश्न मध्यंतरी वर्गातल्या एका चर्चेत निघाला. तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. माझ्या सीईटीच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. गणितं येत होती, पण सुरुवातीचा वेळ बाण नेमक्या पर्यायावर नेण्यातच गेला. घरी एकच मोबाईल, तोही वडिलांचा. ते शेतातून आले की माझा अभ्यास सुरू!

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरी भागात ४२ टक्के. संगणक मात्र ग्रामीण भागात ४.४ टक्के, तर शहरी भागात २३.४ टक्के घरांत होता. पुढे स्वस्त डेटामुळे इंटरनेट गावोगावी पोचलं, पण ते मोबाईलमधून.

मोबाईलवर लेक्चर बघता येतं. पण अभियांत्रिकी बघून येत नाही, करून येते. सी प्रोग्रॅम मोबाईलवर लिहून बघा. कीबोर्ड अर्धा स्क्रीन व्यापतो, प्रत्येक कंसासाठी तो बदलावा लागतो. ऑटोकॅडचं ड्रॉइंग तर विसराच.

प्रॅक्टिकलला एका संगणकावर आम्ही तिघं. ज्याला येतं तोच टाईप करतो आणि ज्याला सरावाची खरी गरज, तो वहीत आऊटपुट उतरवतो. माझं पहिलं सेमिस्टर असंच गेलं. म्हणजे दरी जिथे बुजायला हवी, तिथेच ती वाढते.

यावर आपल्या हातात काय आहे?

१) प्रॅक्टिकलमध्ये दर वीस मिनिटांनी टाईप करणारा बदलावा.

२) संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास खुली ठेवावी.

३) मॅटलॅबच्या जोडीला सायलॅब, ऑक्टेव्ह ही मोफत सॉफ्टवेअर वापरावीत. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात.

दुसऱ्या सेमिस्टरला माझ्या पार्टनरने खुर्ची सरकवली आणि म्हणाला, ‘‘आज तू टाईप कर.’’ सात चुका निघाल्या, पण प्रोग्रॅम माझा होता. पुढच्या प्रॅक्टिकलला शेजारी वही घेऊन कोण बसलंय, एवढं जरूर बघा.