आपल्या दारचे फूल प्रदर्शनात

नारायणगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला काय आठवते? टोमॅटोचा बाजार, द्राक्षे, तमाशाच्या राहुट्या आणि खोडदच्या मोठ्या दुर्बिणी. फुलांचे नाव सहसा कोणी घेत नाही. खरे तर आपल्या जुन्नर तालुक्यातला झेंडू आणि शेवंती सणासुदीला टेंपो भरभरून बाहेर जाते. शेत नसले तरी घरोघरी तुळशीशेजारी एखादा गुलाब, डब्यात लावलेली शेवंती, परसात पाण्याच्या वाटेवर झेंडू असतोच. या दारच्या फुलाला प्रदर्शनात बक्षीस मिळू शकते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ते कसे, हे या पाठात पाहू.

पुष्पप्रदर्शन म्हणजे काय?

पुण्यात रेसकोर्सजवळ एम्प्रेस गार्डन नावाची जुनी मोठी बाग आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८९२ सालापासून ती सांभाळते. दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, तेथे पुष्पप्रदर्शन भरते. नारायणगावाहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. लोक नुसते फुले पाहायला येतात असे नाही, स्पर्धाही असतात. कुंडीतली झाडे, पुष्परचना, आणि दांड्यासह कापून बाटलीत ठेवलेली फुले, असे वेगवेगळे विभाग असतात. आपला विषय यातल्या शेवटच्या विभागाचा. कारण त्याला मोठी बाग लागत नाही, महागडी कुंडी लागत नाही. चांगली फुले आणि एक स्वच्छ बाटली पुरते.

खेड्यातल्या फुलाने शहरात जाऊन बक्षीस मिळवल्याची एक गाजलेली गोष्ट आहे. १९११ साली इंग्लंडमधील ‘डेली मेल’ या वर्तमानपत्राने स्वीट पी या फुलांची स्पर्धा लावली. स्वीट पी म्हणजे वाटाण्याच्या कुळातली, वेलीवर येणारी सुवासिक फुले. पहिले बक्षीस होते १००० पौंडांचे. त्या काळी ती फार मोठी रक्कम होती. हजारो लोकांनी फुले पाठवली. पहिले बक्षीस कोणाला मिळाले असेल? स्कॉटलंडमधल्या स्प्राउस्टन नावाच्या लहान खेड्यातील धर्मगुरूंच्या पत्नीला, श्रीमती फ्रेझर यांना! आणि तिसरे बक्षीस मिळाले त्यांच्या यजमानांना. त्यांची फुले खोक्यात बांधून आगगाडीने सुमारे ५०० किलोमीटर दूर लंडनला गेली होती. म्हणजे पाहा, फूल नुसते वाढवून भागत नाही, ते टवटवीत पोहोचवावेही लागते.

आधी उलटी गणती

प्रदर्शन उद्यावर आले आणि मग आपण फूल शोधायला निघालो, तर ते मिळत नाही. प्रदर्शनाची तारीख आधी पक्की माहीत करून घ्यायची आणि तेथून मागे दिवस मोजत यायचे.

गुलाबाची छाटणी केल्यावर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुले येतात. थंडी जास्त असेल तर चार-आठ दिवस आणखी लागतात. समजा २५ जानेवारीला फूल हवे आहे. मागे ५० दिवस मोजा. ६ डिसेंबर आला. पण एकाच झाडावर भरवसा ठेवू नये. दोन झाडे असतील तर एकाची छाटणी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आणि दुसऱ्याची पाच-सहा दिवसांनी करावी. थंडी कमीजास्त झाली तरी एकाचे फूल वेळेवर सापडते.

झेंडूचे रोप लावल्यापासून साधारण ६० ते ७० दिवसांत फुलते. ॲस्टरला बी टाकल्यापासून साडेतीन ते चार महिने लागतात. शेवंतीची गंमत वेगळीच आहे बरं का! तिला दिवस-रात्र मोजता येते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरतात. म्हणून शेवंतीची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवू नये. रात्रभर उजेड पडला तर तिला रात्र लहान वाटते आणि कळ्या लांबतात. काही शेतकरी शेवंतीत रात्री बल्ब लावतात, ते याच कारणाने. फूल सणाच्या वेळी यावे म्हणून ते कळी मुद्दाम मागे ठेवतात.

बी कोणते घ्यावे? ॲस्टरच्या ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’ या जाती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आहेत. निशिगंधाची ‘फुले रजनी’ ही जातही त्यांचीच. यातला ‘फुले’ हा शब्द झाडावरच्या फुलांचा नाही, महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाचा आहे. आणि त्यांचे आडनाव मात्र फुलांवरूनच पडले! त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घराणे पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले.

कळी खुडायला मन घट्ट करा

आता थोडी अवघड गोष्ट. शेवंतीच्या एका दांड्यावर पाच-सहा कळ्या येतात. साऱ्या ठेवल्या तर झाडाचे अन्न साऱ्यांत वाटले जाते आणि सगळी फुले मध्यम होतात. मोठे फूल हवे असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या कळ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. गुलाबाच्या दांड्यावरही शेजारच्या कळ्या अशाच काढतात. उशिरा खुडल्या तर दांड्यावर व्रण राहतो.

कळ्या खुडताना जीव हळहळतो. आजी तर म्हणतेच, “अरे, देवाला वाहिली असती!” तेव्हा सगळ्या झाडांच्या खुडू नयेत. एक झाड प्रदर्शनासाठी, बाकीची देवासाठी आणि वेणीसाठी.

कळीवर मावा किंवा फुलकिडे आले की पाकळ्यांवर डाग पडतात. मावा थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. जास्त असेल तर निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून फवारावी. शेणखत बेताने द्यावे. खत फार झाले की पाने माजतात आणि फूल मागे पडते.

तोडणी आणि पाणी

फूल तोडले तरी ते लगेच मरत नाही. ते श्वास घेत असते, पाकळ्यांतून पाणी उडत असते. मुळे मात्र तुटलेली असतात. दांड्यात बारीक नळ्या असतात, त्यांतून पाणी वर चढते. या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला किंवा घाण पाण्यातले जंतू साचले की पाणी बंद होते. मग भरल्या बाटलीतही फूल मान टाकते. हे एकदा समजले की पुढचे सारे नियम आपोआप समजतात.

१. तोडणी पहाटे किंवा संध्याकाळी करावी. भर उन्हात झाडातले पाणी कमी झालेले असते.

२. कात्री किंवा चाकू धारदार व स्वच्छ असावा. हाताने ओढून तोडले की नळ्या चेंगरतात.

३. पाण्याची बादली झाडाजवळच न्यावी. तोडलेले फूल लगेच पाण्यात जावे. घरी आल्यावर दांड्याचे टोक पाण्यात बुडवूनच पुन्हा बोटभर तिरपे कापावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

४. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. झेंडूची आणि ॲस्टरची पाने पाण्यात फार लवकर कुजतात. पाणी रोज बदलावे.

५. फुले रात्रभर गार, अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या जागी मानेपर्यंत पाण्यात ठेवावीत. सकाळी दांडे ताठ झालेले दिसतील.

कोणते फूल किती उमलल्यावर तोडावे? गुलाब अर्धा ते पाऊण उमललेला असावा. मिटलेली कळी नको आणि मधले केसर दिसणारे फूलही नको. झेंडू, ॲस्टर, झिनिया मात्र पूर्ण उमलल्यावरच तोडावेत, कारण त्यांच्या अर्धवट कळ्या पाण्यात नीट उमलत नाहीत. निशिगंध आणि ग्लॅडिओलस खालून वर उमलत जातात. विक्रीसाठी खालची एक-दोन फुले उघडली की ते कापतात. स्पर्धेत जरा अधिक उमललेले चांगले दिसतात.

एस.टी.ने जायचे तर दांड्यांच्या टोकांना ओले फडके गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि फुले वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळावीत. पाकळ्यांवर पाणी शिंपडू नये, डाग पडतात. पाच फुले लागणार असतील तर आठ न्यावीत.

परीक्षक काय पाहतात?

आपल्याला वाटते, सर्वांत मोठे फूल जिंकणार. तसे नाही. विभाग पाच फुलांचा असेल तर परीक्षक पाचही फुले एकसारखी आहेत का ते पाहतात. आकार एक, रंग एक, उमलणे एकसारखे, दांड्यांची लांबी सारखी. चार लहान आणि एक भले मोठे फूल असेल तर ते मोठे फूलच बाकीच्यांचे नुकसान करते! त्याशिवाय टवटवीतपणा, सरळ दांडा, स्वच्छ निरोगी पान, कीड नसणे, हेही पाहतात.

आणि नियमपत्रक शब्दन् शब्द वाचावे. पाच म्हणजे पाचच. सहावे फूल कितीही सुंदर असले तरी ते ठेवले की प्रवेश बाद होऊ शकतो. जातीचे नाव लिहायला सांगितले असेल तर ते अचूक लिहावे. फुले मांडायची वेळ चुकवू नये.

घरचे म्हणजे घरचेच

हौशी लोकांच्या विभागात फूल स्वतः वाढवलेले असावे लागते. बाजारातून आणलेले चालत नाही. शेजाऱ्याच्या कुंपणावरचे तोडलेले तर मुळीच नाही.

एखादा म्हणेल, “कोणाला कळतंय?” कदाचित कळणार नाही. फुलावर नाव लिहिलेले नसते. पण विचार करा. आणलेल्या फुलाला बक्षीस मिळाले तर जिंकले कोण? ज्याने रात्री उठून पाणी दिले, कळ्या खुडल्या, किडीवर नजर ठेवली, तो शेतकरी जिंकला. आपल्या हातात राहिला नुसता कागद. उलट आपल्या डब्यातल्या ॲस्टरला काहीच मिळाले नाही, तरी चार महिन्यांत जे शिकलो ते कोणी काढून घेत नाही. पुढच्या वर्षी ते कामाला येते.

म्हणून झाड लावल्यापासून एक वही ठेवा. बी कधी टाकले, कळी कधी दिसली, फूल कधी उमलले, सगळे तारखेनिशी लिहा. आपल्या उलट्या गणतीला तीच वही उपयोगी पडते, आणि फूल घरचे आहे याची साक्षही तीच.

पालकांसाठी चार शब्द

पालकहो, हे मुलांचे खेळ आहेत असे समजू नका. प्रदर्शनाचे आणि बाजाराचे नियम पुष्कळसे सारखेच आहेत. स्वच्छ तोडणी, सावली, एकसारखा माल, घट्ट न बांधलेली जुडी यांवर भावही अवलंबून असतो. आपल्या भागात एक गोष्ट विशेष जपायला हवी. पिकणारे टोमॅटो, केळी आणि आंबे इथिलीन नावाचा वायू सोडतात. तो दिसत नाही, पण त्याने फुले लवकर म्हातारी होतात. कार्नेशनसारखी फुले तर फारच लवकर. तेव्हा पिकत आलेल्या टोमॅटोच्या क्रेटशेजारी फुले एका टेंपोत कोंडू नयेत.

नारायणगावातच ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील कृषी महोत्सवात पिके शेतात उभी पाहायला मिळतात. मुलांना सोबत न्या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. पुण्याला जाणे जमत नसेल तर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावरही बाटल्या मांडता येतील. एक बाटली, तीन फुले, शेजारी ती वही. आईवडिलांनी पाहावे आणि विचारावे, “हे तू कसं केलंस?”

करून पाहा

तीन सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत एकाच झाडाचे, एकाच वेळी तोडलेले एक फूल ठेवा. पहिलीतले पाणी रोज बदला. दुसरीतले मुळीच बदलू नका. तिसरीत १ लिटर पाण्याला २ चहाचे चमचे साखर व २ चमचे लिंबाचा रस या प्रमाणात मिसळून घाला आणि तेही रोज नवे करा. कोणते फूल किती दिवस टिकले ते वहीत लिहा.

सांगा पाहू

१. शेवंतीची कुंडी दिव्याखाली का ठेवू नये?

२. फुलाचा दांडा पाण्याखाली का कापतात?

३. २५ जानेवारीला ॲस्टर फुललेला हवा आहे. बी टाकल्यापासून १२० दिवस लागतात. तर बी कोणत्या तारखेला टाकावे? (उत्तर : २७ सप्टेंबर. पण आधी स्वतः मोजा, मग पाहा!)